तीन जुन्या, दोन नव्या

मॅडम अपडेटच्या दिवशी चपला काढत नसत.

आमचं ऑफिस बोईसरला, नवापूर रस्त्यावरच्या एका टायरच्या दुकानावर. आत निळा गालिचा होता आणि तो खराब होऊ नये म्हणून चपला दारातच काढायच्या, असा सरांचा नियम. सर म्हणजे आमचे मालक. ते स्वतःसुद्धा मोज्यांवर फिरायचे. मॅडम एरवी हा नियम पाळत. पण ज्या दिवशी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवायची असे, त्या दिवशी त्या चपलांसकट थेट आपल्या टेबलापाशी येत आणि काम संपेपर्यंत उभ्याच राहत. मी नवी होते तेव्हा न राहवून विचारलं.

"पळाया लागलं तर?" त्या म्हणाल्या.

"कुठे पळणार मॅडम? आपले सर्व्हर तर मुंबईला आहेत."

"ते मला माईत हाय. पण पाय तयार पायजेत."

मी हसले होते. आज त्या टेबलापाशी मी बसते, आणि त्या हसण्याची मला लाज वाटते.

आमचं सॉफ्टवेअर माणसं मोजायचं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या काही कारखान्यांच्या गेटवर आमची कार्डाची यंत्रं होती. कामगार आत जाताना कार्ड लावतो, बाहेर येताना लावतो. मधल्या वेळात तो 'आत' असतो. एरवी हा आकडा कोणी बघत नाही. पण कारखान्यात वायू सुटला, आग लागली, भोंगा वाजला, की सगळे मोकळ्या जागेत जमतात आणि तिथला सेफ्टी ऑफिसर मोबाइलवर एकच गोष्ट बघतो: आत किती उरले? शून्य असेल तर सगळे लांब राहून बाहेरून पाणी मारता येतं. शून्य नसेल तर कोणालातरी मास्क लावून आत जावं लागतं.

म्हणून हे काम आम्ही एका प्रतीवर सोपवलेलं नव्हतं. एकाच सॉफ्टवेअरच्या पाच सारख्या प्रती एका वेळी चालू असत. त्यांना रेप्लिका म्हणायचं, आणि त्या सगळ्यांना सांभाळणाऱ्या यंत्रणेला क्लस्टर. कोणी आकडा विचारला की पाचांतली जी मोकळी असेल ती उत्तर देई. एखादी बंद पडली तर क्लस्टर तिच्या जागी आपणहून दुसरी उभी करी. नवी आवृत्ती चढवायची म्हणजे आधी एक नवी प्रत उभी करायची, ती कामाला लागली की एक जुनी बंद करायची. मग दुसरी, मग तिसरी. पाचही बदलून होईपर्यंत काम एक क्षणही थांबत नाही.

दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात हे दोन-तीन मिनिटांत उरकतं. आमच्याकडे चाळीस मिनिटं लागायची, कारण प्रत्येक नव्या प्रतीनंतर मॅडम आठ मिनिटं थांबायला लावत.

"आठच का?" मी एकदा विचारलं.

"सहा कमी वाटतात," त्या म्हणाल्या.

मॅडम सातपाटीच्या. घरी भावांच्या बोटी, आईचा मासळीचा धंदा. या एकट्याच शिकल्या. एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात वीसेक वर्षं काढून मग आमच्याकडे आल्या. मी आले तेव्हा त्या पंचावन्नच्या पुढे असतील. सुती साडी, तिच्यावर एसीच्या गारव्यासाठी नवऱ्याचा तपकिरी स्वेटर, आणि मोबाइल कायम दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. ऑफिसात बाकी सगळे पुस्तकी मराठी किंवा हिंदी बोलत. मॅडम सरांशी, गिऱ्हाइकांशी, मुंबईच्या सर्व्हरवाल्या इंजिनिअरांशी, सगळ्यांशी आपल्या बंदरावरच्याच बोलीत बोलत.

क्लस्टर नव्या प्रतीला दोन प्रश्न विचारतं: तू जिवंत आहेस का, आणि तू कामाला तयार आहेस का. मला सुरुवातीला यातला फरक कळेना. मॅडमनी समजावलं, "आमचे हे सकाळी सहाला डोळे उघडतात. म्हणजे जिवंत हायत. पण त्यांना काम सांगून बघ. नऊ वाजल्याबिगर तयार नाय होत." तेव्हापासून माझा तो फरक कधी चुकला नाही.

सरांचं म्हणणं असे की पाच प्रती कशाला, दोन पुरेत. मॅडम म्हणत, "दोनातली एक गेली की दुसरीवर सगळा भार येतो. मग ती पण जाते."

"मग तीन ठेवा."

"एक अपडेटला लागली, एक मेली. उरली एक."

सर हात जोडत आणि मोज्यांवरून आवाज न करता केबिनमध्ये निघून जात.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला मॅडम कुठल्यातरी एका कारखान्याच्या गेटवर फोन लावत. कुठल्या, ते ठरलेलं नसे. वॉचमनला विचारत, "भैया, अंदर कितने हायत?" तो रजिस्टर बघून आकडा सांगे, मॅडम तो समोरच्या पडद्याशी ताडून बघत, आणि जुळला तरी त्यांचा चेहरा हलका होत नसे. सगळ्या गेटवरच्या वॉचमनांना त्यांचा आवाज ओळखीचा झाला होता. कोणाची मुलगी बारावीला आहे, कोण गावाहून परतला नाही, हे त्यांना माहीत असायचं.

त्या कुठेही माणसं मोजत. रिक्षात बसल्या की मोजत. आम्ही सगळे दुपारी जेवायला बसलो की त्यांची नजर एकदा टेबलाभोवती फिरून यायची. ऑफिसात त्याबद्दल कुजबुज होती. कोणी म्हणे, त्यांचा भाऊ समुद्रातून परत आला नव्हता. कोणी म्हणे, जुन्या कारखान्यात त्यांच्या डोळ्यांदेखत काही झालं होतं. एकदा आम्ही दोघीच असताना मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुमच्या बाबतीत असं काही झालं होतं का?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "काय बी झालं नव्हतं. भाऊ हायत माजे चारी. काय झाल्यावरच मोजायचं असतं का?"

मी केळव्याची. वडिलांची नारळ-सुपारीची वाडी. घरात कोणाला कसली घाई नाही. पाणी सोडायचं, झावळ्या उचलायच्या, सुपारी वाळवायची. त्या घरातून रोज स्कूटीवर पालघरमार्गे बोईसरला यायचे, आणि वसाहत जवळ आली की हवेतला वास बदलायचा. कधी कुजक्या अंड्यांसारखा, कधी गोडसर. गोड वास आला की मी स्कूटीचा वेग वाढवायचे. का ते सांगता यायचं नाही. मॅडमकडे येईपर्यंत मी हे काम म्हणजे फक्त कोड समजत होते. त्यांच्या शेजारी बसून बसून मला भीतीची सवय लागली. अपडेटच्या आदल्या दिवशी मला जेवण जायचं नाही. आई म्हणायची, दुसरी नोकरी बघ.

अपडेट नेहमी मंगळवारी, अकरा ते एकच्या मध्ये. सकाळी सातला, दुपारी तीनला, रात्री अकराला शिफ्ट बदलतात, तेव्हा गेटवर झुंबड असते. त्या वेळांच्या आसपास मॅडम कोणाला कळफलकाला हात लावू देत नसत. आणि सुरू करण्याआधी जो ते काम करणार असेल त्याला उभं करून विचारत, "आदी सांग, मागं कसं यायचं?" जुन्या आवृत्तीकडे परत जायची कमांड मोठ्याने, अक्षर न चुकता म्हणून दाखवायची. मग पुढे जायची परवानगी. मला शाळेतल्या पाढ्यांची आठवण यायची, आणि रागही यायचा.

आता त्या मंगळवारचं सांगते.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जुनं दुखणं होतं. काही कामगार बाहेर जाताना कार्ड लावायला विसरत, किंवा पुढच्याच्या मागोमाग तसेच निघून जात. मग माणूस घरी जेवत असायचा आणि पडद्यावर तो 'आत' असायचा. सेफ्टी ऑफिसर आम्हाला म्हणत, तुमच्या आकड्यात रोज एक-दोन भुतं असतात. सरांनी ते काम माझ्याकडे दिलं. मी नियम केला: शिफ्ट संपून चार तास झाले आणि बाहेर गेल्याची नोंद नाही, तर तो गेलाच असं धरायचं. जुन्या नोंदींवर चालवून बघितलं. एकूण एक भूत पकडलं गेलं. मी खूश होते. माझं पहिलं मोठं काम होतं ते.

मॅडमनी माझा बदल ओळ न ओळ वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "डबल डूटी करतात त्यांचं काय?"

"त्यांची नोंद असते मॅडम. जादा शिफ्ट लागली की ती सिस्टीममध्ये टाकतात."

"सगळ्यांची?"

"हो."

हे 'हो' मी कोणालाही न विचारता म्हटलं होतं. कायम कामगारांची नोंद असते हे मला ठाऊक होतं. ठेकेदाराच्या माणसांचं मला ठाऊक नव्हतं. फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण मला ते काम मंगळवारी चढवायचं होतं, आणि मॅडमच्या शंका कधी संपत नाहीत असं मला वाटायचं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, चष्मा घातला आणि मंजुरी दिली.

अकरा वाजता मी मागे यायची कमांड म्हणून दाखवली आणि सुरुवात केली. पहिली नवी प्रत उभी राहिली, तयार झाली, एक जुनी बंद झाली. आठ मिनिटं. मॅडम चपला घालून माझ्या मागे उभ्या. मी घड्याळाकडे बघत मनातल्या मनात चरफडत होते. दुसरी नवी आली, दुसरी जुनी गेली. पुन्हा थांबलो. आता तीन जुन्या, दोन नव्या.

त्या थांबण्यात ऑफिसचा फोन वाजला. सेफ्टी ऑफिसर होता, वसाहतीच्या मागच्या बाजूच्या कारखान्यातला. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला. मागून भोंगा ऐकू येत होता.

"मॅडम, गॅस लीक आहे. सगळी माणसं बाहेर काढलीत. तुमचा आकडा नाचतोय!"

"म्हंजे?"

"एकदा बघितलं तर शून्य. पुन्हा बघितलं तर एक. पुन्हा शून्य. काय समजायचं मी?"

मला लगेच कळलं. त्याचा मोबाइल दर वेळी पाचांतल्या वेगळ्या प्रतीला विचारत होता. नव्या दोन सांगत होत्या, आत कोणी नाही. जुन्या तीन सांगत होत्या, एक आहे. मला हायसं वाटलं, हे मी आज कबूल करते. मी म्हटलं, "मॅडम, ते भूत आहे. जुन्या आवृत्तीचं नेहमीचं. नवी बरोबर सांगतेय. मी उरलेल्या तीन लगेच बदलते, एका मिनिटात सगळीकडे शून्य दिसेल."

फोनमधून तोही म्हणाला, "हां, तेच करा. भूतच असणार. इथे हेडकाउंट पण जवळजवळ जुळतोय."

तेवढ्यात सर केबिनमधून धावत आले. "काय वाटेल ते करा, पण एक आकडा दाखवा. लवकर!"

माझं बोट कळफलकावर होतं. मॅडमनी माझं मनगट धरलं. 

"थांबव. पुडं नाय, मागं नाय. हाय तितंच थांबव."

मी अपडेट थांबवण्याची कमांड दिली. तीन जुन्या, दोन नव्या, तशाच राहिल्या.

मॅडम फोनवर वाकल्या. "साहेब, आयका. एक माणूस आत हाय असं धरा. मी सांगते तवर एकच धरा."

"मॅडम, मी माझी माणसं भुतासाठी आत पाठवू का?"

"पाटवू नका अजून. पण मास्क चढवून ठेवा. मी नाव देते."

मग माझ्याकडे वळून, "एका जुनीला सरळ इचार. आकडा नको. नाव."

मी एका जुन्या प्रतीकडून थेट यादी मागवली. माझ्या हातून दोनदा अक्षरं चुकली. यादीत एकच ओळ आली. ठेकेदाराचा कामगार, रात्रपाळी, काल रात्री अकराला आत. सकाळी सातला शिफ्ट संपलेली. बाहेरची नोंद नाही. सात अधिक चार, अकरा. माझ्या नियमाप्रमाणे अकरा वाजल्यापासून तो घरी होता.

मॅडमनी दुधाच्या पिशवीतून आपला मोबाइल काढला आणि त्या कारखान्याच्या वॉचमनला लावला. तो गेटबाहेर रस्त्यावर उभा होता, धाप लागलेला. मॅडमनी नाव सांगितलं.

"रातवाला था ना, भैया? सुबह निकला?"

"नहीं मॅडम, वो तो डबल मार रहा है। सुबह ठेकेदार ने रोक लिया, एक आदमी कम था।"

"बाहेर जमलेत त्यात हाय का? देख के बोल."

थोडा वेळ नुसता भोंगा आणि माणसांचा आवाज. मग वॉचमन परत आला. त्याचा सूर बदलला होता.

"मॅडम, दिख नहीं रहा। उसकी साइकिल यहीं खड़ी है।"

मॅडमनी स्पीकरकडे तोंड करून फक्त एवढंच म्हटलं, "साहेब, माणूस आत हाय. नाव लिवून घ्या."

नंतरची मिनिटं किती होती ते मला सांगता येणार नाही. मॅडमनी मला मागे यायला सांगितलं आणि सकाळी पाठ म्हटलेली कमांड मी न बघता टाईप केली. दोन्ही नव्या प्रती बंद झाल्या, पाचही जुन्या झाल्या, आणि सगळ्या पडद्यांवर एकच आकडा आला: एक. सर खुर्चीवर बसले होते.  मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या होत्या. तिथून तो कारखाना दिसत नाही, टायरवाल्याचा पत्रा दिसतो. मॅडम त्या पत्र्याकडे बघत होत्या.

फोन आला तो त्या वॉचमनचाच. सापडला. मागच्या गोदामात पिंपांच्या आड कोसळला होता. दोन जण मास्क लावून गेले आणि त्यांनी खांद्यावरून बाहेर आणला. श्वास चालू होता. पालघरच्या हॉस्पिटलात आठ-दहा दिवस काढून तो वाचला. पुढे तो गावी गेला आणि परत आला नाही, असं ऐकलं.

मॅडम खुर्चीवर बसल्या. अपडेट अर्धवट असताना त्या पहिल्यांदाच बसल्या. पिशवीत मोबाइल गुंडाळायचा प्रयत्न करत होत्या आणि ते त्यांना जमत नव्हतं. मी जाऊन गुंडाळून दिला.

दोन दिवसांनी त्या कारखान्याकडून पुष्पगुच्छ आला. सोबत पत्र: आपल्या प्रणालीमुळे एक प्राण वाचला. सरांनी ते फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावलं. सगळ्यांनी माझंही अभिनंदन केलं, कारण नाव शोधून काढलं होतं मी.

मला मात्र एकच हिशेब सुचत होता. मॅडम इतर ऑफिसांसारख्या वागल्या असत्या, तर अकरा वाजून तीन मिनिटांनी पाचही प्रती माझ्या असत्या. सेफ्टी ऑफिसरला एकच आकडा दिसला असता, स्वच्छ, न नाचणारा. शून्य. आणि त्याने फोनच केला नसता.

मॅडमनी घडलेलं सगळं दोन पानांवर लिहून काढलं. नव्या आवृत्तीचा नियम चुकीचा होता, ती अर्धी चढलेली असताना काही वेळ आमचा पडदा खोटं सांगत होता, आणि माणूस सापडला तो योगायोगाने. ती पानं सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायला हवीत, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, वेड लागलंय का? माणूस वाचलाय, लोक फुलं पाठवताहेत.

"सर, त्यांनी आपल्या शून्यावर इसवास ठेवला तर उद्या मरंल कोणीतरी. कशावर किती इसवास ठेवायचा ते त्यांना कळाया नको?"

सरांनी नाही म्हटलं. मॅडमनी तीच पानं आपल्या सहीने सगळीकडे पाठवली. त्यात एक वाक्य होतं: 'या बदलाला मंजुरी मी दिली, डबल ड्युटीबद्दल मी पुरेसं विचारलं नाही.' माझं नाव कुठेच नव्हतं.

दोन कारखान्यांनी आमचं काम बंद केलं. बाकीच्यांनी खडसावून प्रश्न विचारले. सर त्या आठवड्यात मॅडमशी बोलले नाहीत, आणि महिनाअखेरीला बोलले तेव्हा दार बंद करून बोलले. बाहेर आल्यावर मॅडमनी स्वेटर घडी करून पिशवीत ठेवला, ऑफिसवर एक नजर फिरवली, ओठ हलले, आणि त्या जिना उतरून गेल्या. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मॅडमनी विचारलं होतं आणि मी न विचारता 'हो' म्हटलं होतं, एवढं एकच वाक्य. ते न म्हणता मी पडद्याकडे बघत बसले.

त्यानंतरचे चार महिने मी नीट झोपले नाही. काम वाढलं, मॅडमचं टेबल माझ्याकडे आलं. रोज सकाळी गेटवर फोन लावताना वॉचमन विचारत, मॅडम कैसी हैं? मी म्हणे, अच्छी हैं. मला माहीत नव्हतं.

एका रविवारी मोबाइलवर पत्र लिहायला घेतलं. त्याच गिऱ्हाइकांना, माझ्या नावाने. तीन दिवस लिहीत होते. झाल्यावर ते पाठवायची हिंमत होईना, म्हणून स्कूटी काढली आणि शिरगाववरून सातपाटीला गेले.

मॅडम घराच्या पडवीत खुर्चीवर होत्या, डोळ्यावर हिरवी पट्टी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. माझा आवाज ओळखून म्हणाल्या, "बस. वाचायला नाय येत मला आता पंदरा दिवस. काय आणलंस?"

"पत्र आहे मॅडम."

"मग वाच."

मी कल्पना केली होती की त्या मुकाट्याने वाचतील आणि मी अंगणाकडे बघत बसेन. आता मला ते मोठ्याने वाचावं लागलं, त्यांच्या तोंडावर. आतून त्यांच्या यजमानांनी पाणी आणून ठेवलं आणि ते तसेच परत गेले. मी वाचत गेले. एका ठिकाणी मी लिहिलं होतं: 'ठेकेदाराच्या कामगारांच्या जादा शिफ्टची नोंद होते, असा समज होता.'

"थांब," मॅडम म्हणाल्या. "कोणाचा समज?"

"माझा."

"समज नव्हता. मी इचारलं तवा तुला माईतच नव्हतं. तू ठोकून दिलंस."

  त्या रागावलेल्या नव्हत्या. हिशेब दुरुस्त करावा तशा बोलत होत्या. मला कळलं की त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. वॉचमन 'डबल' म्हणाला त्याच वेळी.

"मग तुम्ही तेव्हा माझं नाव का नाही..."

"तुजं नाव तू लिवायचं असतं. मी कसं लिवू?"

मी मोबाइलवर ते वाक्य खोडलं आणि लिहिलं: 'मला विचारलं असता, माहिती न घेता मी होय म्हणून सांगितलं.' वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"पाटव."

"आत्ता?"

"हितं रेंज नाय. धक्क्यावर जा."

मी चालत बंदरावर गेले. दोऱ्यांवर बोंबील वाळत घातले होते, बायका त्यांच्या खालून वाकून ये-जा करत होत्या. बोटी भरतीची वाट बघत चिखलात तिरक्या टेकल्या होत्या. धक्क्याच्या टोकाला रेंजच्या दोन काड्या आल्या. मी बोटी बांधायच्या लोखंडी खुंटाला टेकून उभी राहिले आणि पाठवायचं बटण दाबलं. सगळ्या गिऱ्हाइकांना, आणि प्रत सरांना.

दहा मिनिटांत सरांचा फोन आला. मला वाटलं नोकरी गेली. ती गेली नाही, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्या क्षणी ते माहीत नव्हतं.  

सरांनी विचारलं, "हे तुला मॅडमनी लिहायला लावलं ना?"

"नाही सर," मी म्हटलं. "मॅडमनी फक्त एक वाक्य बदललं."